पृथ्वीचा गाभा ‘उलटा फिरतोय’ म्हणजे नेमकं काय होतंय?

जानेवारी २०२३ मध्ये आणि मग पुन्हा जून २०२४ मध्ये एकच बातमी जगभर गाजली: पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला, आता तो उलट दिशेने फिरू लागला आहे. वाहिन्यांच्या पट्ट्यांवर ती धावली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत तिला बरेच पाय फुटले. सूर्य पश्चिमेला उगवणार, होकायंत्रं उलटी होणार, भूकंपांची रांग लागणार, गुरुत्वाकर्षण कमी होणार. शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत अनेकांनी घाबरून विचारलेला प्रश्न एकच होता, ‘हे खरं आहे का?’

मूळ संशोधन खरं आहे. पहिला शोधनिबंध ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आला, दुसरा ‘नेचर’मध्ये. त्यात घाबरण्यासारखं काहीही नाही, पण थक्क व्हावं असं पुष्कळ आहे. पायाखाली पाच हजार किलोमीटरवर, जिथे कोणतंही उपकरण कधी पोचलेलं नाही, तिथल्या लोखंडाच्या गोळ्याची वर्षाकाठची अंशाच्या काही भागाएवढी हालचाल माणसाने टिपली आहे. ती कशी टिपली हे समजलं की ‘उलटा’ या शब्दाची भीतीही निघून जाते. त्यासाठी थोडं मुळापासून जावं लागेल.

आधी हा गाभा आहे कुठे?

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. सगळ्यात वर भूकवच. महासागरांच्या तळाशी ते जेमतेम सात किलोमीटर जाड असतं, खंडांखाली साधारण तीस-चाळीस आणि हिमालय-तिबेटखाली सत्तरच्या आसपास. त्याखाली २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत दगडाचंच जाड प्रावरण आहे. पृथ्वीच्या आकारमानाचा चौऱ्याऐंशी टक्के भाग एकट्या प्रावरणाचा. त्याच्या आत गाभा, आणि गाभ्याचे दोन भाग: वितळलेल्या लोखंडाचा बाह्यगाभा आणि अगदी मध्यभागी घट्ट लोखंडाचा अंतर्गाभा. शाळेत ज्याला ‘निफे’ म्हणून पाठ केलं ते हेच, निकेल आणि फेरम म्हणजे लोखंड. बातमीतला ‘गाभा’ म्हणजे यातला फक्त शेवटचा गोळा, अंतर्गाभा. त्याची त्रिज्या सुमारे १,२२० किलोमीटर, म्हणजे प्लूटोपेक्षा किंचित जास्त.

ही रचना डोळ्यांपुढे आणायला सुकवलेला नारळ उपयोगी पडतो. कोकणात गोट्यासाठी नारळ महिनोन्‌महिने माळ्यावर टाकून ठेवतात. आतलं पाणी आटतं, खोबरं आक्रसून करवंटीपासून सुटतं आणि नारळ हलवला की आत गोटा खुडखुड वाजतो. आता करवंटी हातात धरून गर्रकन फिरवली तर आतला गोटा तंतोतंत तेवढाच फिरेल याची खात्री नाही. त्याची तिच्याशी जोडणीच उरलेली नाही. अंतर्गाभा हा पृथ्वीचा असा सुटलेला गोटा आहे. फरक असा की पृथ्वीच्या गोट्याभोवती पोकळी नाही. तिथे सुमारे २,२६० किलोमीटर जाडीचं वितळलेलं लोखंड भरलेलं आहे आणि ते सतत ढवळलं जातंय. करवंटीच्या जागी प्रावरण आणि भूकवच. आपण, आपली शहरं, आपले समुद्र, सगळे त्या करवंटीवर बसलेले.

जड खाली, हलकं वर

हे थर कोणी बाहेरून रचले नाहीत. सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी, नुकत्याच तयार होत असलेल्या सूर्याभोवतीच्या धुळीतून आणि दगडांच्या तुकड्यांतून पृथ्वी गोळा होत गेली. हा आकडा उल्कांमधल्या शिशावरून निघाला. युरेनियमचा ऱ्हास होत होत त्याचं शिसं बनतं आणि त्याची गती ठरलेली असते. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशाच्या प्रमाणावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं, चूकभूल सात कोटी, असं काढलं. आजचा आकडाही त्याच मर्यादेत बसतो.

त्या सुरुवातीच्या काळात पृथ्वीवर सतत काही ना काही आदळत होतं. बुलढाण्याचं लोणार सरोवर अशाच एका आघातातून झालं, पण ते फार नंतरचं आणि फार किरकोळ. सुरुवातीचे आघात शेकडो किलोमीटरच्या गोळ्यांचे होते. त्यातला एक तर मंगळाएवढ्या पिंडाचा होता आणि त्या धडकेत उडालेल्या मालातून चंद्र बनला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. प्रत्येक आघाताची ऊर्जा उष्णतेत बदलली. किरणोत्सारी मूलद्रव्यांनी त्यात भर घातली. पृथ्वी इतकी तापली की लोखंड वितळलं आणि जड असल्यामुळे दगडाच्या लगद्यातून खाली बुडत बुडत केंद्रापाशी जमा झालं. बुडताना त्याने आणखी उष्णता सोडली. काही कोटी वर्षांत हे काम उरकलं, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या मानाने जवळजवळ जन्मताच. हलके घटक वर आले आणि त्यांचं पुढे कवच झालं.

बारा किलोमीटरच्या खाली कोणी गेलंच नाही, मग हे कळलं कसं?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो विचारायलाच हवा. रशियात कोला द्वीपकल्पावर माणसाने खणलेलं सगळ्यात खोल भोक १२,२६२ मीटरचं. आपल्याकडे कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी पाडलेलं विवर तीन किलोमीटरचं. पृथ्वीच्या त्रिज्येपुढे कोलाचं भोकही पाचशेव्या हिश्श्याएवढं आहे.

पहिला पुरावा वजनाचा आहे. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधलं नाजूक आकर्षण मोजून दाखवलं की पृथ्वी तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या साडेपाच पट जड आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्याच्या तिप्पट जड, ग्रॅनाइट त्याहून थोडा हलका. वर सापडतो तो दगड तिप्पट आणि सरासरी मात्र साडेपाच पट, म्हणजे आत कुठेतरी फार जड असं काही दडलेलं असणार. विश्वात मुबलक आढळणारा असा जड पदार्थ म्हणजे लोखंड, आणि कित्येक उल्का तर लोखंड-निकेलच्याच असतात.

दुसरा पुरावा भूकंपांनी दिला, आणि त्याची सुरुवात भारतात झाली हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी ठळक सांगायला हवं होतं. १२ जून १८९७ रोजी आसाम-शिलाँग भागात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या याच भूकंपाच्या नोंदी तपासताना त्यांना दिसलं की धक्का एकदाच पोचलेला नाही, तो तीन टप्प्यांत पोचलाय. आधी वेगवान लहरी, मग थोड्या संथ, मग पृष्ठभागावरून आलेल्या. पहिल्यांना प्राथमिक लहरी म्हणतात, दुसऱ्यांना दुय्यम. प्राथमिक लहरी माध्यमाला पुढे-मागे दाबत जातात आणि त्या घन, द्रव, वायू सगळ्यांतून जातात. दुय्यम लहरी माध्यमाला आडव्या हलवतात. द्रवाला आडवं ढकललं तर तो परत जागेवर येत नाही, नुसता सरकतो. म्हणून दुय्यम लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत. या एका फरकावर पृथ्वीच्या पोटाचं जवळजवळ सगळं ज्ञान उभं आहे.

ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये दाखवून दिलं की पृथ्वीच्या मध्याजवळून गेलेल्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, तेव्हा मध्यभागी वेगळ्याच पदार्थाचा गाभा असला पाहिजे. १९१३ च्या सुमारास बेनो गुटेनबर्ग यांनी त्याची खोली २,९०० किलोमीटर काढली. आजच्या आकड्यापासून ते फक्त दहा किलोमीटरनी चुकले. १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी तो गाभा द्रव असल्याचं सिद्ध केलं. तेवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती.

ती संपवू दिली नाही इंगे लेमान यांनी. डेन्मार्कमधल्या या भूकंपशास्त्रज्ञ बाई कोपनहेगनच्या संस्थेत जगभरच्या नोंदी गोळा करत. जून १९२९ मध्ये न्यूझीलंडमध्ये भूकंप झाला आणि त्याच्या काही लहरी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला नको तिथे उमटल्या. गाभा सगळा द्रव असता तर त्या पट्ट्यात लहरींची सावली पडायला हवी होती. क्षीण का होईना, तिथे लहरी पोचल्या होत्या. इतरांनी यंत्रातला दोष म्हणून सोडून दिल्या असत्या अशा त्या रेघा. लेमान यांनी संगणकाविना, हाताने गणितं करून दाखवलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असेल आणि लहरी त्याच्यावर आपटून वळत असतील तरच हे जमतं. १९३६ मधल्या त्यांच्या निबंधाचं नाव ‘पी प्राइम’ एवढंच होतं. आज ज्या गोळ्याच्या बातम्या होतात तो गोळा या बाईंनी कागद-पेन्सिलीने शोधला. पुढे १९६० चा चिलीमधला आणि १९६४ चा अलास्कातला महाभूकंप झाला तेव्हा सबंध पृथ्वी कित्येक दिवस थरथरत राहिली. त्या थरथरण्याच्या स्वरांवरून १९७१ मध्ये अंतर्गाभा घन असल्याचं पक्कं झालं.

प्राथमिक लहर पृथ्वीच्या एका टोकाकडून केंद्रातून दुसऱ्या टोकाला साधारण वीस मिनिटांत पोचते. तिचा वेग प्रत्येक थरात बदलतो, ती वळते, परावर्तित होते. जगभरच्या हजारो यंत्रांवर तिची वेळ सेकंदाच्या बारीक भागापर्यंत मोजली जाते. आत न जाता आतलं कळतं ते या रस्त्याने.

इतकं तापलेलं लोखंड घट्ट कसं राहील?

अंतर्गाभ्याचं तापमान पाच ते सहा हजार अंश सेल्सिअस मानलं जातं, म्हणजे जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाएवढं. आपल्या भट्टीत लोखंड १,५३८ अंशांना वितळतं. मग आतलं लोखंड घन कसं?

उत्तर आहे दाब. केंद्रावर हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट दाब आहे. इतक्या दाबाखाली लोखंडाच्या अणूंना मोकळं व्हायला जागाच मिळत नाही. वितळण्यासाठी लागणारं तापमान दाबाबरोबर चढत जातं. बाह्यगाभ्यात उष्णता वरचढ ठरते म्हणून तिथे लोखंड द्रव, केंद्राजवळ दाब वरचढ ठरतो म्हणून घन.

दाबाचा हा नियम नीट लक्षात आला तर आणखी एक मोठा गैरसमज दूर होतो. पुष्कळांना वाटतं की आपल्या पायाखाली थोडं खणलं की लाव्हारस लागतो आणि सगळी पृथ्वी त्या रसावर तरंगते. तसं नाही. प्रावरण घन दगडाचं आहे, दुय्यम लहरी त्यातून बिनधोक जातात. मात्र लाखो वर्षांच्या हिशोबात तापलेला दगडही हळूहळू सरकतो, वर्षाला काही सेंटिमीटर. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतोय, त्यामागे प्रावरणातली हीच संथ हालचाल आहे.

मग ज्वालामुखीतून येतो तो रस कुठला? प्रावरणातला तापलेला दगड वर सरकतो तेव्हा त्याच्यावरचा दाब घटतो. तापमान फारसं न वाढताही, केवळ दाब उतरल्यामुळे त्याचा थोडा भाग वितळतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त जागेवरून सरकत होता, तेव्हा हेच अफाट प्रमाणावर घडलं आणि लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. आजही ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. रायगडाचा कडा, वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडात आहे तो दगड प्रावरणाच्या वरच्या भागातून आला. गाभ्यातलं लोखंड नव्हतं ते.

आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं? तिथे खाली ज्वालामुखी धुमसत नाही. खोल जावं तसं दर किलोमीटरला तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांमधून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पृथ्वीच्या आतली उष्णता हाताला लागते ती अशा ठिकाणी.

ही उष्णता अजून संपली कशी नाही, असंही कोणी विचारेल. लॉर्ड केल्विन यांनी १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या वेगावरून तिचं वय फार तर चाळीस कोटी वर्षं काढलं होतं. आतला दगड सरकून उष्णता वर आणत राहतो हे त्यांनी हिशोबात धरलं नव्हतं, आणि किरणोत्सार तर तेव्हा माहीतच नव्हता. आज पृथ्वीतून सुमारे ४७ लाख कोटी वॉट उष्णता बाहेर पडते. ढोबळमानाने निम्मी जन्मावेळची, निम्मी युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या ऱ्हासातली.

‘उलटा’ म्हणजे कोणाच्या तुलनेत?

आता मूळ बातमीकडे. १९९६ मध्ये शियाओडाँग साँग आणि पॉल रिचर्ड्स यांनी दावा केला की अंतर्गाभा बाकीच्या पृथ्वीपेक्षा किंचित जलद फिरतो, वर्षाला सुमारे एक अंश पुढे जातो. नंतरच्या मोजण्यांमध्ये हा फरक आणखी कमी, अंशाच्या एखाद्या भागाएवढाच निघाला.

मोजण्याची युक्ती फार सुंदर आहे. काही ठिकाणी जमिनीचा तोच तुकडा काही वर्षांनी पुन्हा तसाच सरकतो आणि जवळजवळ हुबेहूब तसाच भूकंप होतो. दक्षिण अटलांटिकमधली साउथ सँडविच बेटं अशा जोडभूकंपांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथून निघालेली लहर अंतर्गाभ्यातून आरपार जाऊन अलास्का किंवा उत्तर कॅनडातल्या यंत्रांवर पोचते. उगम तोच, यंत्र तेच, वाटेतलं प्रावरण तेच. तरी दोन नोंदींत फरक पडला तर तो अंतर्गाभ्यानेच पाडलेला असणार, कारण तो आता जरा फिरलेला आहे आणि लहर त्याच्या वेगळ्या भागातून आली आहे.

२०२३ मध्ये यी यांग आणि साँग यांनी १९६० च्या दशकापासूनच्या नोंदी तपासून सांगितलं की २००९ च्या आसपास हा फरक दिसेनासा झाला, म्हणजे अंतर्गाभा प्रावरणाच्या गतीला आला आणि मग किंचित मागे पडू लागला. २०२४ मध्ये वेइ वांग, जॉन विडाल आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २०२३ मधले साउथ सँडविचचे १२१ भूकंप घेतले. त्यांना आणखी स्पष्ट खूण सापडली: २००८ नंतरच्या काही नोंदी त्याआधीच्या काही नोंदींशी तंतोतंत जुळत होत्या. गोळा २००३ ते २००८ मध्ये पुढे गेला होता आणि नंतर त्याच वाटेने, पण दोन-तीन पट कमी वेगाने, मागे येत होता.

पुढे-मागे हे सगळं प्रावरणाच्या तुलनेत. पृथ्वी वर्षभरात स्वतःभोवती एकूण १ लाख ३१ हजार अंशांहून जास्त फिरते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. अंतर्गाभाही तितकाच फिरतो, त्याच दिशेने. वाद आहे तो या १ लाख ३१ हजारांत अंशाचा एखादा भाग जास्त की कमी, एवढाच. करवंटी आणि गोटा दोन्ही पूर्वेकडेच चालले आहेत. काही वर्षं गोटा केसभर पुढे होता, आता केसभर मागे पडतोय. अंतर्गाभा थांबलेला नाही आणि पश्चिमेकडे वळलेलाही नाही. हे एवढं वाक्य बातमीत असतं तर कितीतरी घरांतली काळजी वाचली असती.

हा मागेपुढे होण्याचा खेळ होतो तरी का? दोन ओढी आहेत. बाह्यगाभ्यातल्या वाहत्या लोखंडाचं चुंबकीय क्षेत्र अंतर्गाभ्याला फिरवू पाहतं. प्रावरणात मात्र सगळीकडे सारखं वस्तुमान नाही, कुठे दगड जास्त घन, कुठे कमी. त्याचं गुरुत्वाकर्षण अंतर्गाभ्याला ठरावीक जागी धरून ठेवू पाहतं. या ओढाताणीत तो झुलत राहतो.

मग आपल्यावर परिणाम काय?

दिवसाच्या लांबीवर परिणाम होऊ शकतो, पण तो कळायला अणुघड्याळ लागतं. पृथ्वीची एकूण फिरकी कायम राहते. त्यामुळे आतला एक भाग मंदावला तर बाहेरचा तेवढ्या प्रमाणात वेग घेतो. ५ जुलै २०२४ चा दिवस चोवीस तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. पण वारे, समुद्रप्रवाह, चंद्राची ओढ, द्रव गाभ्यातले प्रवाह हे सगळेच दिवस लांबवत-आखडवत असतात आणि त्या गर्दीत अंतर्गाभ्याचा वाटा फार लहान आहे. पृथ्वीच्या आकारमानाच्या एक टक्काही तो नाही.

गुरुत्वाकर्षणाचं म्हणाल तर ते वस्तुमानावर आणि अंतरावर ठरतं, आतला गोळा किती वेगाने फिरतो यावर नाही. भूकंप होतात ते भूकवचात आणि फार तर सातशे किलोमीटरपर्यंतच्या खोलीत. अंतर्गाभा सुरू होतो ५,१५० किलोमीटरवर. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप काही किलोमीटर खोलीवरच्या भेगांमधला होता आणि धरणाच्या पाण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. लातूर-किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झालं तेही कवचाच्या वरच्या भागातलंच. या भूकंपांत माणसं गेली आहेत, घरं उद्ध्वस्त झाली आहेत. त्यांची धास्ती गाभ्याच्या बातमीला चिकटवून पुढे ढकलली जाते तेव्हा खरोखर वाईट वाटतं. भूकंपाची चिंता असेल तर ती घराच्या बांधकामाची करावी. त्यात काहीतरी आपल्या हातात आहे.

चुंबकीय ध्रुव उलटतात, ते हेच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. चुंबकीय ध्रुव उलटणं ही बाह्यगाभ्यातली वेगळी घटना आहे. वितळलेलं लोखंड उष्णतेने वर-खाली होतं, पृथ्वीच्या फिरण्याने त्याचे प्रवाह पिळले जातात आणि त्यातून वीज व चुंबकत्व तयार होत राहतं. अंतर्गाभ्याचा यात मोठा हातभार आहे, पण तो फिरण्यामुळे नाही. द्रव लोखंड थिजून त्याच्यावर बसत जातं, तो वर्षाला एखाद मिलिमीटर वाढतो. त्या वेळी सुटणारी उष्णता आणि हलके घटक वरचा द्रव ढवळत ठेवतात.

ध्रुवांची शेवटची उलथापालथ सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली आणि तिला हजारो वर्षं लागली. लाव्हा थिजताना त्यातली लोहखनिजं त्या वेळची चुंबकीय दिशा धरून ठेवतात. महाबळेश्वरच्या कड्यांत खालच्या थरांमध्ये उलटी दिशा सापडते, वरच्या थरांमध्ये आजच्यासारखी. म्हणजे दख्खनचे थर साचत असतानाच एकदा ध्रुव उलटले.

हे चुंबकीय क्षेत्र सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांना बऱ्याच अंशी अडवतं. मे २०२४ मध्ये लडाखमध्ये हानलेच्या आकाशात तांबडा प्रकाश दिसला, तो अशाच एका सौर वादळाचा. मुंबईचा या अभ्यासातला वाटा फारसा कोणाला ठाऊक नसतो. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. सप्टेंबर १८५९ मध्ये आजवरचं सगळ्यात प्रसिद्ध सौर वादळ झालं, तेव्हा कुलाब्याची सुई १,६०० नॅनोटेस्लाने खाली आली. जगभरचे संशोधक आजही त्या वादळाची ताकद आजमावताना ही नोंद वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. तिथे ते आजही भारतीय भूचुंबकत्व संस्थेमार्फत चालू आहे. अलिबागच्या समुद्रावर जाणाऱ्यांनी या वेधशाळेची आठवण ठेवावी.

शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग विश्वास कसा ठेवायचा?

अंतर्गाभा आहे, तो घन आहे, त्याच्याभोवती द्रव आहे, यावर आता कोणाचं दुमत नाही. मतभेद त्याच्या झुलण्याच्या तालावर आहेत. यांग आणि साँग म्हणतात, एक पूर्ण झोका सुमारे सत्तर वर्षांचा. वांग आणि विडाल यांनी २०२२ मध्ये वेगळी नोंद मांडली होती. अमेरिकेने १९६९ आणि १९७१ मध्ये अलास्काजवळच्या अमचिट्का बेटावर भूमिगत अणुस्फोट केले होते. त्यांच्या लहरींवरून त्यांना सहा वर्षांचा झोका दिसला. लिआनशिंग वेन यांचं म्हणणं तिसरंच: गोळा वेगळा फिरतच नाही, त्याचा पृष्ठभाग अधूनमधून बदलतो आणि लहरींमधला फरक त्यामुळे पडतो. २०२५ मध्ये विडाल यांच्याच गटाने मांडलं की दोन्ही घडत असावं. गोळा पुढे-मागे होतो आणि त्याचा द्रवाला लागून असलेला वरचा भाग थोडा विरूपही होतो.

यातलं कोण बरोबर, हे मतदानाने ठरणार नाही, पुढच्या जोडभूकंपांनी ठरेल. साँग यांचा हिशोब खरा असेल तर २०४० च्या दशकाच्या मध्यात अंतर्गाभ्याची चाल पुन्हा बदलायला हवी. तोवर साउथ सँडविचजवळ तेच भूकंप पुन्हा होतील आणि त्यांच्या नोंदी २००८ च्या आधीच्या नोंदींशी जुळवून पाहिल्या जातील. आज शाळेत असलेली मुलं तेव्हा तिशीत असतील. वर्तमानपत्रात ‘गाभा पुन्हा सरळ फिरू लागला’ अशी बातमी आली तर कोणत्या नोंदी कोणत्या वर्षाशी जुळल्या, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारावा.